बिस्किटांच्या दिवशीची तिवई

मित्रांनो, मी स्वयंपाकघरातली एक जुनी तिवई आहे. मुलांना हाताशी घेऊन बिस्किटं करावीत, ही कल्पना ज्याला प्रथम सुचली, त्याला एकदा माझ्या जागी उभं करायला हवं.

त्या रविवारी दुपारी माझ्या पाठीवर चार पाय होते. दोन आठ वर्षांच्या मोठीचे आणि दोन पाच वर्षांच्या गुंड्याचे. आजीने ओट्यावर पीठ लाटून दिलं होतं. बरणीचं झाकण दाबायचं आणि गोल कापायचे, एवढंच काम. शहाणा माणूस कडेपासून सुरुवात करतो, म्हणजे पीठ वाया जात नाही. गुंड्याने झाकण उचललं आणि बरोबर मधोमध दाबलं. पहिल्यांदा मधोमध, दुसऱ्यांदाही मधोमध. उभं राहायचं ते माझ्या अगदी कडेवर, आणि झाकण दाबायचं ते मधोमध. नेमकं उलटं.

आजीने कपाळावर हात मारला, तिथे पिठाचा पंजा उमटला. मेल्या, कडेने घे, किती वेळा सांगू, असं ती चारदा म्हणाली आणि चारही वेळा उरलेलं पीठ गोळा करून पुन्हा लाटून दिलं. साखर माझ्यावर सांडली, अंडं माझ्या पायावरून ओघळलं. मला कोण विचारतो?

एवढ्यात आजीची लेक मुलांना न्यायला आली. माझी उंची गुडघ्याएवढी, त्यामुळे माणसांचे चेहरे मला कमी दिसतात, पाय जास्त. तिचे पाय दारातच थांबले.

“आई, एवढ्या वेळात दुकानातून दहा पुडे आले असते.”

“येतील ना. पण पुड्यातली सगळी सारखी असतात गं.”

 लेकीचा एक पाय पुढे आला, मग मागे गेला. तिने मुलांच्या चपला शोधायला सुरुवात केली.

ती का थांबली, ते मला ठाऊक आहे. कारण मी मुळात तिच्यासाठीच जन्मले. ती सहा वर्षांची असताना सुताराने एका दाराच्या उरलेल्या लाकडातून मला घडवलं. तीनच पाय का, असं आजीने विचारलं तेव्हा तो म्हणाला, “तीन पाय कुठल्याही फरशीवर बसतात, ताई. चौथा आला की भांडण आलं.” माझं तेव्हा फार कौतुक झालं.

पहिल्याच दिवशी लेक माझ्यावर चढली आणि तिने झाकण मधोमध दाबलं. आजी तेव्हा आजी नव्हती. शिवणाच्या कारखान्यात कामाला होती आणि घड्याळ कायम तिच्या मानगुटीवर. “दे इकडे,” म्हणत तिने झाकण घेतलं आणि कडेपासून सुरेख बावीस बिस्किटं कापली. लेक बराच वेळ माझ्यावर नुसती उभी राहिली. पुढच्या वेळी तेच झालं. तिसऱ्या वेळी ती चढलीच नाही.

मग माझे हाल सुरू झाले. कोणी माझ्यावर कुंडी ठेवली, कोणी बादली. वीस-बावीस वर्षं मी न्हाणीघरात कुजत होते. नातवंडं उभी राहू लागली तेव्हा आजीने मला घासून पुसून बाहेर काढलं. तोवर तिचं काम सुटलं होतं आणि घड्याळही खाली उतरलं होतं.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी आजी झोपेतून उठली नाही. घर अनोळखी पायांनी भरलं. माझ्यावर कोणीतरी चहाचे उष्टे कप रचून ठेवले.

महिन्याभराने लेक घर आवरायला आली. मुलांनी बिस्किटांचा धोशा लावला. नको नको म्हणत तिने पीठ मळलं, लाटलं. गुंड्या माझ्या कडेवर चढला आणि त्याने झाकण मधोमध दाबलं. पुढच्या क्षणी झाकण लेकीच्या हातात होतं. ते कधी घेतलं, तिलाही कळलं नसावं.

गुंड्या रडला नाही. तो खाली उतरला आणि म्हणाला, “आजी ओरडायची. पण झाकण माझ्याकडेच असायचं.” तो बाहेर गेला. त्याची कायमची वकील मोठी, तीही मागोमाग गेली.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. माझ्यावर चढाल तर मधे उभे राहा आणि सांडलेलं ओल्या फडक्याने पुसा. तुमच्या घरच्या मोठ्यांना सांगा, की हवं तेवढं ओरडा, पण हातातलं काढून घेऊ नका. वाकडं बिस्किटही भाजतं. हातातलं काढून घेतलेलं पोर मात्र सहजी परत चढत नाही, हे मी पाठीवर झेललं आहे.

लेक बऱ्याच वेळाने बाहेर गेली. तिने गुंड्याला कसं मनवलं, मला माहीत नाही. तो परत माझ्यावर चढला, सवयीने कडेवरच. तिने झाकण त्याच्या हातात दिलं आणि त्याने सावकाश, जीभ बाहेर काढून, उरल्यासुरल्या पिठाच्या मधोमध दाबलं. लेकीचा पाय पुढे आला, मग जागच्या जागी थांबला. ती ओट्याला पाठ लावून खाली फरशीवर, माझ्या शेजारीच बसली. तेव्हा कुठे मला तिचा चेहरा दिसला.

“आई,” ती म्हणाली, “तू यांना करू द्यायचीस ना, ते मला बघवायचं नाही गं. माझ्याच पोरांचा हेवा वाटायचा मला.”