जयराजसाहेबांच्या मांडीवरचा चुडा

मित्रांनो, मी एक जुनी सात सीटांची गाडी आहे. जुनी म्हणजे वयाने नव्हे बरं का. माझ्याबरोबर शोरूममधून निघालेल्या गाड्या अजून तरण्याताठ्या फिरतात. मला म्हातारपण आणलं ते सर्व्हिसिंगने.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे यंत्रांनी मला जोडलं, रंगवलं आणि साताऱ्याच्या एका शोरूमच्या काचेआड उभं केलं. आपण एखाद्या डॉक्टरच्या घरी जाऊ, अशी मला उगाचच आशा होती. पण मला घेतलं मेढ्याच्या सलिमाभाभी आणि रहिमानभाई मणेर यांनी. त्या दिवशी मला हार घातला, नारळ फोडला, सलिमाभाभींच्या हातात पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली देऊन फोटो काढला. शोरूमचे जयराजसाहेब टाय सावरत टाळ्या वाजवत होते. माझ्यासाठी त्यांनी घेतलेले तेवढेच काय ते कष्ट.

मणेर म्हणजे बांगड्या भरणारे. सलिमाभाभींनी माझे मधले बाक दुमडले आणि तिथे बांगड्यांची खोकी रचली. गाडी त्या स्वतः चालवत. रहिमानभाई शेजारी बसून प्रत्येक गतिरोधकाला "सावकाश, सलिमा" म्हणत. जावळीतल्या गावागावांत माझा हॉर्न वाजला की बायका हात पुसत बाहेर यायच्या. भाभी हात असा हळू दाबत की पोरगी बोलत राहायची आणि बांगडी कधी चढली ते तिला कळायचंही नाही. मला माझ्या कामाचा फार अभिमान वाटे. डॉक्टरचा नाद मी केव्हाच सोडून दिला होता.

आणि मग त्याच शोरूममध्ये माझं पहिलं सर्व्हिसिंग झालं.

मागच्या उजव्या चाकाच्या शॉकअपचा बोल्ट एक कारागीर आवळत होता. तेवढ्यात चहा आला. तो चहा प्यायला गेला आणि परत आला तो थेट शेजारच्या गाडीखाली शिरला. माझा बोल्ट अर्धवट ढिला तो ढिलाच राहिला. वरून मला साबण लावला, पुसलं, आत गुलाबाचा फवारा मारला आणि पायाखाली कागद अंथरून परत दिलं. त्या वासाने रहिमानभाई मेढ्यापर्यंत शिंकत होते.

तेव्हापासून खड्डा आला की माझ्या मागून 'खडाक' असा आवाज येऊ लागला. माझा मागचा भाग आदळायचा आणि खोक्यांतल्या बांगड्या वाढायच्या. आमच्या धंद्यात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. शब्द कितीही गोड असला तरी काचांचा ढीग व्हायचा तो होतोच.

भाभी मला पुन्हा शोरूमला घेऊन गेल्या. जयराजसाहेबांनी खोकी उतरवून मला समोरच्या गुळगुळीत रस्त्यावर फिरवलं. आणि काय सांगू, मी अगदी गप्प! रात्रभर खोकणारं पोर डॉक्टरांसमोर जसं शहाण्यासारखं बसतं, तसं माझं झालं. खड्डाच नाही तर मी तरी कशी ओरडणार?

"गाडी एकदम ओके आहे मॅडम. आवाज बांगड्यांचाच असेल."

"आवं साहेब, बांगड्यांचा आवाज मला जल्मापासनं ठावं हाय. ह्यो लोखंडाचा हाय."

"नॉर्मल आहे मॅडम. आणि बाहेर कुणाला हात लावू देऊ नका, वॉरंटी जाईल."

रहिमानभाई तोवर आतल्या गार खोलीत मशीनची कॉफी पीत होते. "कॉफी मातूर लय झ्याक हाय," ते म्हणाले. भाभींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचा घोट त्यांच्या घशात अडकला. मला पुन्हा एकदा धुतलं. दुसऱ्या दिवशी शोरूममधून गोड आवाजात फोन आला, दहापैकी दहा गुण द्या म्हणून. असं कितीदा तरी झालं. माझ्याइतकी स्वच्छ आणि माझ्याइतकी खिळखिळी गाडी साऱ्या जिल्ह्यात नसेल.

अशातच शिरवळहून भाभींच्या जुन्या गिऱ्हाईक हरणाबाई यांचा निरोप आला. त्यांच्या सुनेचा लग्नातला चुडा सलिमाभाभींनी भरला होता. पुढे मुलाला शिरवळच्या कंपनीत नोकरी लागली आणि ते घर तिकडे गेलं. आता त्यांची नात उत्कर्षा हिचं लग्न होतं. सूनबाई म्हणत होत्या की दुकानातून तयार सेट आणू. पण हरणाबाईंनी ठणकावलं होतं, "माझ्या नातीच्या हातात चुडा भरंल तर सलिमाच भरंल."

आदल्या दिवशी अंगणात खोकी चढवताना भाभी रहिमानभाईंना म्हणाल्या, "नवरीचा चुडा वाटंत वाढला तर आपशकून. त्या माउलीला मी काय तोंड दावू? तसं झालं तर गाडी बी इकू आन् धंदा बी बास." मी ते ऐकलं. मित्रांनो, मला रडू येत असतं तर मी रडले असते. पाणी नुसतं माझ्या वायपरच्या नळीत होतं.

दुसऱ्या दिवशी मेढ्याचा बाजार, म्हणून रहिमानभाई दुकानावर थांबले. भाभी एकट्याच निघाल्या. नवरीच्या हिरव्या चुड्याचं खोकं शालीत गुंडाळून त्यांनी शेजारच्या सीटवर ठेवलं होतं. मी जीव मुठीत धरून चालले होते, पण वळणावर एक खड्डा आलाच. खडाक! भाभींनी गाडी थांबवली, शाल उलगडली. एक बांगडी वाढली होती. जास्तीच्या बांगड्या जवळ होत्या म्हणून भागलं. पण पुढे सगळा रस्ता तसाच होता. साताऱ्यात येताच त्यांनी मला थेट शोरूमच्या दारात उभं केलं.

"मॅडम, अपॉइंटमेंट नाहीये," जयराजसाहेब म्हणाले.

"आवाज मागं हाय. तुमी मागं बसा. एकदा माझ्या रस्त्यानं ऐका, मग नॉर्मल म्हना."

बाकीची गिऱ्हाइकं बघत होती. साहेब नाइलाजाने माझ्या शेवटच्या बाकावर चढले. भाभींनी नवरीचं खोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. "दोनी हातानं धरा. हिरवा चुडा हाय. लेकीचं लगीन हाय."

पहिल्याच गतिरोधकाला साहेबांचं डोकं माझ्या छताला लागलं. "आई गं!"

"नॉर्मल हाय का वं?" भाभींनी आरशात बघत विचारलं.

दुसऱ्या गतिरोधकाला त्यांनी खोकं वर उचललं आणि सगळा दणका आपल्या गुडघ्यांवर घेतला. तिसऱ्याच्या आधीच ते ओरडले, "सावकाश मॅडम, सावकाश!" अगदी रहिमानभाईंसारखे. खिशातला फोन वाजू लागला. शोरूममधून साहेबांना शोधत असावेत. पण फोन उचलायला हात मोकळा कुठे होता? परत वळायची जागा आली तशी गेली. भाभी म्हणाल्या, "येताना सोडते."

साहेबांनी एकदाच शाल बाजूला करून बांगड्या पाहिल्या आणि पुन्हा नीट झाकल्या. खंबाटकीचा बोगदा मागे पडला तेव्हा ते हळूच म्हणाले, "मॅडम, आवाज येतोय. मागून, उजव्या चाकाकडून. तुम्ही म्हणत होता तसा लोखंडाचाच आहे."

मित्रांनो, इतके दिवस मी ओरडत होते. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी माझं दुखणं जागेसकट सांगितलं. मला इतका आनंद झाला की पुढच्या खड्ड्यात मी जरा जास्तच मोठ्याने वाजले.

शिरवळला पोहोचलो तेव्हा खोक्यांत थोड्या काचा झाल्या होत्या. पण साहेबांच्या मांडीवरचा चुडा जसाच्या तसा होता. त्यांचे गुडघे मात्र सरळ होत नव्हते. भाभींनी उत्कर्षाचा हात हातात घेतला. एकेक हिरवी बांगडी चढत गेली. शेवटची बांगडी बसली तेव्हा हरणाबाईंनी डोळ्याला पदर लावला.

मग त्यांचं लक्ष टायवाल्याकडे गेलं. नवरीचा चुडा सांभाळून आणणाऱ्याला रिकामं कसं पाठवायचं? त्यांनी जयराजसाहेबांना पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, टॉवेल-टोपी दिली.

"आजी, मी यांचा कुणी नाही. मी शोरूमचा," साहेब चाचरत म्हणाले.

"आसूंदे की रं बाबा. पर किती जिवापाड संभाळलंस! आसा मानूस ज्या शोरूमात हाय, त्यांच्या गाड्यास्नी कशाची काळजी?"

मांडवात भाभी एकट्याच हसल्या. साहेब मात्र कानापर्यंत लाल झाले. त्यांनी मांडववाल्याकडून पाना मागून घेतला आणि पांढऱ्या शर्टानिशी, डोक्यावरच्या टोपीसकट, माझ्या खाली शिरले. बोल्ट आवळून ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या पाठीला माती होती. भाभींनी त्यांना खाली मान घालायला वेळच दिला नाही. "चला, जेवून घ्या. बुंदी संपाय लागलीया," म्हणाल्या.

त्यानंतर माझं 'खडाक' बंद झालं आणि मला विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. मी अजून जावळीच्या रस्त्यांवर बांगड्या घेऊन फिरते.

तर मित्रांनो, आम्हा गाड्यांना धुऊन पुसून चकचकीत करता, त्याबद्दल आभार. पण तेवढ्याने आमचं दुखणं जात नाही. आमचा आवाज खरंच ऐकायचा असेल, तर एकदा आमच्या मागच्या बाकावर येऊन बसा. आणि बसताना कुणाच्या तरी लेकीचा चुडा मांडीवर घ्या.