वीतभर माती

बालमित्रांनो, मी एक जुना मातीचा नमुना आहे. चार फूट लांबीच्या अरुंद लाकडी खोक्यात मला उभं बसवलेलं आहे. जमिनींची पाहणी करणाऱ्या एका कचेरीत, जिन्याखालच्या खोलीत, हल्ली माझा मुक्काम असतो. सोबतीला तीन मोडक्या खुर्च्या आणि एक बंद पडलेला पंखा आहे. त्यांना माझी कहाणी ऐकून ऐकून पाठ झाली, म्हणून आज तुम्हाला सांगतो. आधीच सांगून ठेवतो, या कहाणीत मी काही फार भला दिसणार नाही.

वाळवंटाच्या कडेला, एका उघड्याबोडक्या डोंगराच्या पायथ्याशी माझा जन्म झाला. तिथे पाऊस मनात आलं तरच यायचा. डोंगरावरून खडी आणि वाळू वाहत यायची, वारा तिच्यावर बारीक धूळ पसरायचा. अशी माती साठायला हजारो वर्षं लागली आणि साठून साठून साठली किती, तर वीतभर. तिच्याखाली चुनखडीचा पांढरा थर होता. तो इतका टणक की पहार मारली तर ठणकन वाजायची. मातीच्या वरच्या अंगाला मात्र एक काळसर, खरबरीत पापुद्रा असायचा. दिसायला कळकट, पण तो जिवंत होता. डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळाचे धागे त्यात विणलेले होते आणि त्यांनीच ती वीतभर माती धरून ठेवली होती. त्यावर गवताचे विरळ झुपके उगवायचे. त्या गवतावर मावशीच्या तीनशे मेंढ्या जगत होत्या.

मावशी म्हणजे तिथली मेंढपाळ बाई. सगळं रान तिला मावशीच म्हणायचं. पापुद्रा खुरांनी फुटू नये म्हणून ती कळप एका जागी दोन दिवससुद्धा ठेवत नसे. हे तिला सासूने शिकवलं होतं आणि सासूला तिच्या सासूने.

आता माझ्याबद्दल. त्या सगळ्या रानात एकच खोलगट जागा होती आणि तिथे एक मोठं काटेरी झुडूप होतं. वाऱ्याची धूळ, पुराचा गाळ, सुकलेला पाला, सगळं त्याच्या बुंध्याशी अडकायचं. तिथे माती चार फूट खोल झाली होती. मी त्या झुडपाखालचा. साऱ्या रानाच्या तोंडचा घास खाऊन गुबगुबीत झालेलं लाडावलेलं पोरच म्हणा ना.

एके दिवशी माती तपासणारे साहेब आले. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, खिशात वही. माणूस कामात चोख होता. माती चिमटीत चोळायचे, पाण्यात मळून तिची वळी करून बघायचे, रंगांच्या पुस्तकाशी ताडायचे, आम्लाचा थेंब टाकून चुन्याची फसफस कान देऊन ऐकायचे. पण कचेरीतल्या सुताराने त्यांच्याबरोबर चार फुटांचं खोकं दिलं होतं आणि मोठ्या साहेबांनी बजावलं होतं, "व्हरांड्यात लावायचंय, खोकं भरलेलं दिसलं पाहिजे." इथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

साहेबांनी उघड्या रानात तीन खड्डे खणले. तिन्ही ठिकाणी वीतभर खाली पहार ठणकली. तिसऱ्या दिवशी दुपारी घामाने निथळत ते रिकाम्या खोक्याकडे बघत बसले. मग त्यांची नजर झुडपाकडे गेली.

"साहेब, तिथे नका खणू," मावशी म्हणाली. "तिथे जमीन खोटं बोलते."

"म्हणजे काय हो मावशी?"

"झुडपाखाली काय, सगळंच साठतं. रान बघायचं तर उघड्यावर बघावं."

"अहो, हे नुसतं दाखवायला न्यायचंय. वहीत मी खरं तेच लिहिणार."

आणि त्यांनी लिहिलंही. 'झुडपाखालची जागा. बाकी सगळीकडे माती वीतभर.' मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, असं म्हणा हवं तर.

मग खड्ड्याची भिंत तासून तिच्यावर ते खोकं दाबून बसवलं. मागून सुरीने मला सोडवलं, गोणपाटात गुंडाळलं आणि गाडीत घातलं. कचेरीत आल्यावर पंधरा दिवस सावलीत वाळवलं, माझे कण सुटू नयेत म्हणून डिंकाचं पातळ पाणी पाजलं. साहेबांनी माझं कूळ ठरवलं, वाळवंटी मातींच्या यादीतलं एक लांबलचक नाव मला दिलं. पाटीसाठी त्यांनी पाच ओळी लिहिल्या. मोठ्या साहेबांनी त्यांतल्या चार खोडल्या. "एवढं रामायण कोण वाचतंय? जागा लिहा, खोली लिहा, झालं." पाटी लागली. 'डोंगरपायथ्याचं कुरण. खोली चार फूट.' दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, पण शेजारी शेजारी बसल्या आणि त्यांचं खोटं झालं.

त्यानंतरची वर्षं माझ्या थाटाची होती. व्हरांड्यात दारासमोरच माझी जागा. रोज सकाळी मऊ कुंचल्याने धूळ झटकली जायची. विद्यार्थी यायचे, माझ्याकडे बोट करून वहीत चित्र काढायचे. कुणी म्हणायचं, "काय सुंदर नमुना आहे!" मी फुशारून जायचो. ज्या रानाने मला वाढवलं, ते उन्हात वीतभर माती सांभाळत बसलंय, हे मी पार विसरलो.

मग एक दिवस बाहेरचे चारपाच अधिकारी नकाशे घेऊन आले. कुरण मोडून शेती करायची, असा त्यांचा विचार होता. मोठ्या साहेबांनी छडी माझ्या अंगावरून वरून खाली फिरवली. "शितावरून भाताची परीक्षा! हे बघा, चार फूट माती. आणि आपण तिथे मेंढ्या चारतोय."

आमचे साहेब मागे उभे होते. त्यांनी खिशातून वही अर्धी बाहेर काढली. "सर, ती जागा जरा वेगळी होती..."

"नमुना तुम्हीच आणलात ना?"

सगळे हसले. वही परत खिशात गेली. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण खरं सांगतो, त्या वेळी माझ्या चार फुटांचं कौतुक चाललं होतं आणि ते मला गोड लागत होतं. याची लाज मला आजही वाटते.

दोन वर्षांनी मावशी कचेरीत आली. वाळली होती. हातात मेंढ्या हाकायची काठी होती, पण त्या काठीला आता काही काम उरलं नव्हतं. साहेब लगबगीने उठून व्हरांड्यात आले.

"नांगर आले," ती म्हणाली. "पापुद्रा फुटला. फाळ खालच्या पांढऱ्यावर आपटून वाकले. पेरलेलं चार बोटं वर आलं नि करपलं. मग वारा सुटला. सगळं उडालं हो साहेब, वैशाखाच्या एका महिन्यात. झुडूपसुद्धा उपटलं. मेंढ्या विकल्या. लेकीकडे असते मी, दोन खोल्यांत."

मावशी माझ्यासमोर आली. माझ्या अंगात झुडपाचं एक वाकडं मूळ अजून आहे, तिने ते ओळखलं आणि बोटाने हळूच चाचपलं.

"पाटीवर काय लिहिलंय ते वाचा की. मला कुठे येतंय वाचायला."

साहेबांनी वाचलं.

"हे माझं कुरण आहे होय?" मावशी म्हणाली. तिने माझ्या माथ्याला अंगठा लावला आणि हात ताणून करंगळी खाली टेकवली. "माझं कुरण एवढं होतं. खालचं सगळं झुडपाचं."

"चुकलं मावशी," साहेब म्हणाले. "तुम्ही सांगितलं होतंत. मी बोलायला हवं होतं. नाही बोललो."

मावशीने पदराने डोळे टिपले. "घरचं माणूस परक्याच्या भिंतीवर टांगलेलं बघवत नाही. सगळं नको मला. जेवढी होती तेवढीच द्या."

"त्यात डिंक आहे. काही उगवायचं नाही त्यातून."

"उगवायला कोण मागतंय?"

साहेब आत गेले आणि मला ज्या सुरीने सोडवलं होतं तीच सुरी घेऊन आले. तिच्या करंगळीच्या खुणेवर त्यांनी पातं लावलं. काळसर पापुद्र्यासकट माझा माथा त्यांनी अलगद कापून काढला आणि मावशीच्या पदरात ठेवला. मला दुखलं नाही. उलट, कुरण म्हणून अंगावर चढवलेलं खोटं तेवढं उतरलं, असं वाटलं. पदराची गाठ मारून ती पायऱ्या उतरली. पुन्हा कधी आली नाही.

कचेरीची वस्तू खराब केली म्हणून साहेबांना लेखी खुलासा विचारला गेला. त्यांनी तीन पानं लिहिली. त्या कुरणाची खरी हकीगत कागदावर कुठे असेल, तर त्या खुलाशात. तो फाइलीत गेला आणि मी जिन्याखाली आलो. साहेब निवृत्त झाले. जाताना त्यांनी माझ्या पाटीवर पेनने एक ओळ वाढवली, 'झुडपाखालची जागा'. आता शाई फिकी पडली आहे.

मित्रांनो, जमीन बघायला जाल तेव्हा खोकं भरायच्या घाईत जाऊ नका. तिच्यावर रोज चालणाऱ्या माणसाला आधी विचारा आणि त्याने सांगितलेलं चारचौघांत बोलायची वेळ आली की वही खिशात ठेवू नका. आणि जाण्याआधी जरा इकडे या. माझ्या वरच्या टोकाला नुसतं लाकूड दिसतं ना, तिथे आपली वीत ठेवून बघा. तुमचे हात लहान आहेत, थोडी जागा उरेल. त्या वीतभर मातीवरच तीनशे मेंढ्या आणि एक मावशी जगत होती.