पाऊण फेरा

बाबांनी मनगट काउंटरवर टेकवलं, गाडीच्या ऑइल फिल्टरच्या भोकात करंगळीचं टोक घातलं आणि डोळे मिटून घेतले.

"नाडी बघताय का त्याची?" दुकानदार म्हणाला.

काउंटरवर उघड्या खोक्यांचा पसारा झाला होता आणि मागे गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती. बाबांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांनी आतला रबरी पडदा दाबून पाहिला, सोडला, पुन्हा दाबला. मग फिल्टर उजेडाकडे धरून आतल्या कागदाच्या घड्या न्याहाळल्या आणि तो बाजूला सारला.

"हा नको. पडदा आत्ताच कडक लागतोय. उन्हाळ्यात दगड होईल त्याचा."

"अहो, सगळं गाव हाच नेतं."

"नेऊ दे. सगळं गाव नवशिक्यांना घेऊन फिरत नाही."

शेजारी उभी असलेली त्यांची सून तोंडावर हात धरून हसली. गाडी शिकवण्याचा वर्ग बाबांनी सुरू केला होता आणि आता तो ती चालवत होती. टपावर शिकाऊ पाटी लावलेली ती जुनी गाडी दिवसभर अशा लोकांच्या हातात असे, की जे क्लच सोडताना डोळे मिटतात आणि वळताना देवाचं नाव घेतात. ती गाडी अजून एका किल्लीत चालू व्हायची. याचं श्रेय शिकवणारीला नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मागच्या गिऱ्हाइकाने विचारलं, "काका, त्या पडद्यात एवढं काय असतं?"

झालं. दुकानदाराने कपाळाला हात लावला.

"गाडी रात्रभर उभी राहिली की तेल खाली उतरतं," बाबा सांगू लागले. "हा पडदा ते फिल्टरमध्ये अडवून धरतो. म्हणजे सकाळी किल्ली फिरवल्याबरोबर इंजिनाला तेल मिळतं. पडदा गचाळ असला, तर इंजिन तेवढा वेळ कोरडं घासतं. तुम्हाला रोज झोपेतून उठवून कोणी उपाशीपोटी पळवलं तर?"

गिऱ्हाइकाने हातातलं स्वस्तातलं खोकं मुकाट्याने परत ठेवलं. दुकानदाराला हसावं की रडावं कळेना.

सुनेला त्यांचा हा चिवटपणा मनापासून आवडायचा. लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा तिला साधी सायकलही येत नव्हती. बाबांनी तिला गाडी शिकवली. तिने फाटक तोडलं, दिवा फोडला, एकदा तर दुधवाल्याची गाडी आडवी केली, पण त्यांचा आवाज कधी चढला नाही. "मास्तरीणबाई, पुन्हा पहिल्यापासून," एवढंच म्हणायचे. पुढे त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. एका सकाळी शिकाऊ मुली दारात उभ्या असताना त्यांनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली आणि स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसले. तेव्हापासून तो हात बहुधा खिशात असे.

दुकानदाराने न मागताच एक निळा फिल्टर पुढे केला.

"हा घ्या तुमचा नेहमीचा. मघाशीच देणार होतो, पण तुमची करमणूक कशाला बुडवा?"

बाबांनी तोही तपासला. पडदा मऊ होता, घड्या एकसारख्या होत्या, तळाची पत्र्याची चकती जाड होती. तरी त्यांनी तो परत ढकलला.

"याच्या डोक्यावर खाचांची पकड नाही."

"इतक्या वर्षांत कधी लागली नाही ती तुम्हाला!"

"आता लागते."

सुनेने नजर वळवली. ती उगाच भिंतीवरच्या पट्ट्यांकडे पाहत राहिली. फिल्टर हाताने आवळायचा, पान्याला त्याच्या वाटेला जाऊ द्यायचं नाही, हा बाबांचा बाणा होता. ज्याला त्यासाठी पान्याची गरज लागते त्याने इंजिनापासून लांब राहावं, असं ते शिकाऊ लोकांनाही ऐकवत. त्याच माणसाला आज पकड मागावी लागत होती.

दुकानदाराने आतून आणखी काही खोकी आणली. त्यांत एक जरा बारीक अंगाचा फिल्टर होता आणि त्याच्या डोक्याला खाचा होत्या. आटे तेच, रबरी कडं तेच. बाबांनी पडद्यापासून तळापर्यंत त्याची साग्रसंगीत परीक्षा घेतली आणि तो सुनेपुढे धरला.

"धर जरा."

तिने तो धरला. बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा चढवला आणि तिच्या हातातल्या फिल्टरकडे पाहत राहिले.

"हाच द्या," ते म्हणाले.

घरी परतताना तिच्या नवऱ्याचा फोन आला. तो नोकरीसाठी परगावी असायचा आणि तिथून घराची काळजी करायचा.

"या वेळी तरी गाडी सर्व्हिस सेंटरला दे. बाबांच्या हातात आता काही देऊ नकोस. एखाद्या दिवशी काहीतरी सैल राहील आणि इंजिन बसेल. तेव्हा त्यांनाच जास्त लागेल."

"बाबांचं काम अजून चोख असतं," ती म्हणाली.

तिने हे ठोकून दिलं होतं. मागे एकदा तेल बदलल्यावर दुसऱ्या दिवशी तिला गाडीखाली बशीएवढा काळा डाग दिसला होता. खाली वाकून पाहिलं, तर फिल्टर सैल होता आणि कडेने तेल पाझरत होतं. बाबा उठायच्या आत तिने तो आवळला, तेलाची पातळी पाहून भर घातली, जमीन राखेने घासली. तरी डाग जाईना, तेव्हा अंगणातल्या उन्हातली गुलाबाची कुंडी छपराखाली ओढत आणून त्यावर ठेवली आणि त्या दिवसापासून ती गाडी दोन हात मागे लावू लागली. पुढच्या खेपेला बाबांचं काम आटोपल्यावर ते चहाला आत गेले, तेव्हा ती गुपचूप गाडीखाली शिरली आणि उरलेलं आवळून आली. नवऱ्याला हे कळलं असतं, तर बाबांची हत्यारांची पेटी माळ्यावर गेली असती. आणि पेटी गेल्यावर बाबांना सकाळी उठायला कारण काय राहिलं असतं, हे तिला सुचत नव्हतं.

दुपारी तिने गाडीची पुढची चाकं उतरत्या लाकडी ठोकळ्यांवर चढवली. बाबा पुठ्ठा अंथरून खाली गेले. जुनं तेल घमेल्यात पडल्याचा आवाज आला. जुना फिल्टर निघाला आणि त्याचं रबरी कडं त्यालाच चिकटून आलंय ना, हे त्यांनी नेहमीप्रमाणे मोठ्याने बोलून तपासलं. नव्याच्या कड्याला बोटाने तेल फासलं. मग बराच वेळ खालून काही आवाज आला नाही. ती पायरीवर बसून कांदे निवडत होती आणि तिचे कान गाडीखाली होते.

बाबा बाहेर आले. नवं तेल त्यांनी तिला ओतायला लावलं, पातळी स्वतः पाहिली.

"चालू करून बघायची?" तिने विचारलं.

"आधी चहा," बाबा म्हणाले. "आज जरा निवांत घेईन म्हणतो." पुठ्ठा त्यांनी उचलला नाही. विजेरीही खालीच राहिली होती.

ते आत गेले. स्वयंपाकघरात कपबशी वाजली, तशी ती पुठ्ठ्यावर आडवी होऊन आत सरकली आणि विजेरी लावली.

फिल्टर नुसता टेकलेला होता. आवळायचा प्रयत्नसुद्धा केलेला दिसत नव्हता. त्याच्या अंगावर पांढऱ्या रंगाची एक रेघ होती. आणि वर इंजिनावर, पाऊण फेरा पुढे, दुसरी. दोन्ही वेड्यावाकड्या, कापऱ्या हाताच्या. इथून तिथपर्यंत, त्यापुढे नाही. तिला शिकवताना बाबा रस्त्यावर खडूने रेघा मारायचे, तशाच.

तिने विजेरी पुठ्ठ्यावर ठेवली. मग तिने फिल्टर मुठीत धरला. तिची बोटं त्याच्याभोवती पुरती बसली. खाचांत अंगठा रुतला. जुना निळा फिल्टर तिच्या हातात कधी मावला नव्हता, दोन्ही हातांनी धरूनही निसटायचा. बाबांनी दुकानात चष्मा पुसून काय पाहिलं होतं, हे तिला आत्ता कळलं. तिचे डोळे भरून आले. सासरा असावा तर असा, असं ती मैत्रिणींत चेष्टेने म्हणायची. आज ते चेष्टेत म्हणवलं नसतं.

तिने फिल्टर आवळला. रेघ रेघेला भिडली, तशी ती थांबली.

पुठ्ठ्याजवळ चपला येऊन उभ्या राहिल्या. आता लपायला जागा नव्हती. ती सरकत बाहेर आली. समोर बाबा उभे होते आणि त्यांनी उजवा हात खिशातून काढून तिच्यापुढे केला होता. तो थरथरत होता आणि त्यांनी तो थरथरू दिला. तिने तो धरला आणि उठली.

"किल्ली फिरव," बाबा म्हणाले.

इंजिन एका किल्लीत चालू झालं. तेलाचा लाल दिवा लागला आणि लगेच विझला. बाबा वाकून गाडीखाली पाहत राहिले. तिथे एक थेंबही नव्हता.

"जमलं, मास्तरीणबाई," ते गुडघ्यावर हात टेकत उठले. "आता ती कुंडी उन्हात ने. कधीची सावलीत झुरतेय बिचारी."