मैलापूरची पिवळी पिशवी

मी एक जुनी पिवळी पिशवी आहे. मित्रांनो, चेन्नईत मला 'मंजपै' म्हणतात. माझ्या पोटावर तमिळ अक्षरांत 'रंजनी – वेंकट' असे छापलेले आहे, त्यामुळे नवखा माणूस मला रंजनीची समजतो. छे हो! मी मकरंदची. कशी, ते सांगते.

जॉर्ज टाउनमधल्या एका अंधाऱ्या गाळ्यात माझा जन्म झाला. तागा उलगडला, कात्री फिरली, शिलाईयंत्राने खडखडत मला दोन बंद लावून दिले आणि कोणीतरी पोटावर लाल छाप मारला. इकडे लग्नातून पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. नारळ, विडा, हळकुंड असे सगळे आमच्यासारख्या पिशवीत घालून देतात. रंजनीच्या लग्नासाठी आम्ही शेकडो बहिणी तयार झालो. माझ्या वाट्याला आलेला पाहुणा म्हणजे मकरंद. रंजनीच्या आई कृष्णवेणीमामी, त्यांच्या मैलापूरच्या घरात वरच्या मजल्यावर तो भाड्याने राहत होता. मामी तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या. आपली भाषा बोलणारा मुलगा म्हणून त्यांचा त्याच्यावर फार जीव.

मकरंद मूळचा साताऱ्याचा आणि इथे मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. त्याने मला खूप राबवले आणि तितकाच मानही दिला. डबा, छत्री, कारखान्याचे कागद, मामींनी दिलेला चकलीसारखा मुरुक्कू, सारे माझ्याच पोटात. त्याचा मित्र यश चिडवायचा, "काय रे, लग्नाच्या पंगतीतून थेट कामावर?" मकरंद नुसता हसायचा आणि मी खांद्यावर फुशारून जायची.

संध्याकाळी मी खिळ्यावर लटकलेली असे. मकरंद ताटाशेजारी फोन उभा करून जेवायला बसे. पलीकडे पुण्यात त्याची बायको अर्चना तिचे ताट घेऊन बसलेली असे. ती तिथे बँकेत होती. "मीठ कमी झालंय," ती म्हणायची. "माझ्याकडे जास्त झालंय, पाठवू का?" हा म्हणायचा. मग दोघे हसायचे आणि हसू संपले की आपापल्या ताटाकडे वळायचे. खिळ्यावरून मला फोनचा पडदा दिसत नसे. हा आवाज कुणाचा, ती दिसते कशी, याची मला इतकी ओढ लागली होती की काय सांगू!

शेवटी एका रविवारी सकाळी ती आली. बँकेत बदल्यांचे अर्ज मागवले होते. चेन्नईसाठी अर्ज द्यायचा की नाही, हे तिला सोमवारपर्यंत ठरवायचे होते. पुण्यातली नोकरी, स्वतःची माणसे, मैत्रिणी, सगळे सोडून जिथली भाषाही समजत नाही अशा गावात यायचे, हे काही सोपे नव्हते. संध्याकाळच्या विमानाने तिला परतायचे होते.

आम्ही फिरायला निघालो तशी मामींनी तिला खाली अडवले. कुंकू लावले, केसांत मोगरा माळला.

"आलीस कां मा? बैस. थोडकी कापी पी. आता इथेच राहणार ना? हा दोन वर्षं सांगतोय, बायको येतेय, बायको येतेय!"

अर्चना कॉफी प्यायली, मामींच्या पाया पडली आणि रस्त्यावर येताच थांबली.

"मी येणार म्हणून तू सांगून मोकळा झालास?"

"घर मिळेना गं. इथे एकट्या पुरुषाला कोण घर देतं?"

"आणि मला कधी विचारलंस?"

आता शहरानेच आपली बाजू मांडावी, असे मकरंदला वाटले असावे. कारण मग त्याने तिला जी पळवली म्हणता! कपालीश्वराचे देऊळ, भर उन्हातला मरीनाचा समुद्र, दीपगृह, तिथून ऑटोने खरेदीच्या गर्दीचे टी. नगर. "छान आहे ना?" हे त्याचे सगळीकडे चालूच, घर दाखवणाऱ्या दलालासारखे. "छान आहे," ती म्हणायची आणि पदराने मान पुसायची.

साडीच्या दुकानात त्याने रेशमाचा डोंगर उलगडायला लावला. "ही घे. बरं, ही बघ, तुला खुलेल." तिने एकीलाही हात लावला नाही. माझ्या पोटात होती फक्त पाण्याची बाटली. टी. नगरमधून रिकामी निघालेली पिशवी त्या दिवशी मी एकटीच असेन. दुकानांच्या चकचकीत पिशव्या शेजारून तोऱ्यात चालल्या होत्या. त्यांचे मला काही वाटले नाही. मला भीती वाटत होती ती एकाच गोष्टीची. ही नाही म्हणणार.

फुटपाथवर अर्चनाने मला त्याच्या खांद्यावरून काढून स्वतःच्या हातात घेतले.

"मकरंद, शहर पुरे झालं. तू रोज कुठे जातोस ते दाखव."

"रोज? रोज कुठे जाणार मी? कारखाना आणि भाजी."

"मग भाजी दाखव."

आम्ही मैलापूरला परतलो. देवळाच्या तळ्याजवळ मकरंदची नेहमीची भाजीवाली बसते. त्याला पाहताच ती हसली आणि काही न विचारता तिने माझ्यात नेहमीचे घातले. शेवग्याची एक शेंग, दोन टोमॅटो, मूठभर घेवडा, वर कढीपत्त्याची काडी. अर्चनाने वाकून आत पाहिले.

"एवढंच?"

"एकट्याला पुरतं गं," तो अगदी सहज म्हणाला.

तो सहजपणाच तिला लागला. तिची माझ्या बंदांवरची मूठ घट्ट झाली. तिने विचारले, "दोघांपुरतं, हे तमिळमध्ये कसं म्हणायचं?"

"रेंडु पेरुक्कु."

ती भाजीवालीसमोर उकिडवी बसली, मला उघडून धरले आणि दोन बोटे वर केली. "रेंडु पेरुक्कु." भाजीवालीने दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि पुन्हा भरायला घेतले. मकरंद तळ्याकडे तोंड करून उभा राहिला. त्याचा चेहरा मला दिसला नाही.

संध्याकाळी अर्चना विमानाने गेली. सोमवारी तिने अर्ज दिला. पण बदलीचा हुकूम कधी निघेल, ते बँकेलाच ठाऊक. त्याला आता बरेच महिने झाले. भाजीवाली मात्र त्या दिवसापासून दोघांचेच देते आणि मकरंद तिला नको म्हणत नाही. तो दोघांची भाजी करतो, एक वाटी मामींना देऊन येतो आणि फोन ताटाशेजारी उभा करून जेवायला बसतो.

मित्रांनो, तुमच्या घरचे कोणी दूरगावी एकटे राहत असेल तर त्याच्याकडे जा. तिथली देवळे आणि दुकाने नंतर बघा, आधी त्याच्याबरोबर भाजी आणायला जा. आणि घरात माझ्यासारखी एखादी जुनी पिशवी असली तर ती उसवली म्हणून फेकू नका, दोन टाके घाला. दुप्पट ओझ्याने माझ्याही तळाची शिवण सुटू लागली आहे. मकरंदच्या ते अजून लक्षात आलेले नाही. कोणीतरी त्याला सांगा हो. अर्चना येईपर्यंत मला टिकायचे आहे.