कोराडीच्या पेटीतला कुहीचा पाहुणा

मधुकररावांना मासे निवडता येत नव्हते, हे मी आज स्पष्टच सांगते. पंगतीत मिठाई वाढून घ्यावी तसे ते दुकानात बोट दाखवत सुटायचे. हा लाल द्या, तो झुपकेदार शेपटीचा द्या. कोण कोणाशेजारी नांदेल, याचा विचार नाही. निस्तरायचं मात्र मी. मी म्हणजे मासे ठेवायची जुनी काचेची पेटी. आता प्रताप नगरातल्या एका गच्चीवर पोटात पुदिना घेऊन बसले आहे. शाळा मी पाहिली नाही, पण संसार पाहिला आहे, तोही माझ्याच पोटात.

मित्रांनो, माझा जन्म इतवारीतला. बळीराम नावाच्या कारागिरानं लोखंडी पट्ट्यांची चौकट जोडली, खिडकीच्या काचा कापून बसवल्या आणि सांध्यांत लांबीचा लगदा भरला. तीन दिवस पाणी भरून ठेवलं, थेंब गळला नाही. एकोणऐंशी साली मधुकररावांनी मला गोणपाटात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन कोराडीला आणलं. ते तिथल्या वीज केंद्रात फिटर होते. क्वार्टरमध्ये तिघंच, ते, त्यांची नवी बायको गोपिका आणि आई तुळसाबाई. मला पाहायला क्वार्टरांची अख्खी ओळ लोटली होती. का लोटू नये?

पहिल्याच आठवड्यात त्यांनी फायटर नावाचा मासा आणला. एकटा कसा राहील, म्हणून त्याला जोडीदार आणला, आणि दोन्ही नरच. सकाळी एकाच्या शेपटीच्या चिंध्या झालेल्या. मधुकरराव म्हणाले, रुसले असतील. मलाही वाटलं, नवं घर आहे, भांड्याला भांडं लागणारच. दुसऱ्या सकाळी तो उताणा तरंगत होता.

उरलेला फायटर परत गेला. त्याच्या जागी बारा गप्पी आणि दोन एंजल आले. गोपिका त्यांना चिमटीनं खाऊ टाकायची, मगानं जुनं पाणी काढून नवं भरायची. पाच बहिणींत वाढलेली पोर ती. इथे दिवसभर बोलायला कोणी नाही, म्हणून माशांशी बोलायची. एकेकाला नाव ठेवलं होतं तिनं. माझी काच तेव्हा आरशासारखी होती.

दिवाळीनंतर देवाजी आले. हे तुळसाबाईंचे थोरले भाऊ, कुही गावचे. धान कापणीला आलं होतं, शेताच्या बांधीतलं पाणी आटत चाललं होतं. त्या चिखलपाण्यातून त्यांनी तुपाच्या डब्यात एक पिल्लू धरून आणलं. बोटाएवढं, अंगावर केशरी रेघ. माहेरची भेट ती. परतवायची नसते आणि तिच्यात खोडही काढायची नसते. तुळसाबाईंनी डबा दोन्ही हातांनी घेतला. मधुकररावांनी रंग पाहिला आणि पिल्लू माझ्यात सोडलं.

पाहुणा गुणाचा वाटला. दगडाआड दिवसभर हूं नाही की चूं नाही. पण गप्पी कमी व्हायला लागले. आज अकरा, परवा नऊ. ना मेलेला मासा वर येई, ना काटा सापडे. पाण्यात काहीतरी चटकन हलायचं, गढूळ व्हायचं, की पुन्हा शांत. माझ्याच पोटातलं मलाच कळेना. वीज केंद्राच्या राखेनं विरघळले म्हणावं, तर कोराडीत राख भाकरीवरही पडायची आणि माणसं धडधाकट होती. एकाच हातचं खाणारी माणसं एकमेकांना कशी खातील, असं मला वाटायचं. मासे माणसं नसतात, हे माझ्या डोक्यात शिरायला फार वेळ लागला.

मधुकररावांना मात्र लगेच समजलं. गोपिका पाण्याबरोबर मासे मोरीत ओतते. तिनं नाही म्हटलं, तर म्हणाले, मग काय उडून गेले? शेजारच्या सिंधूताईंनी भर घातली की नव्या सुनेचं लक्ष थाऱ्यावर नसतं. गोपिकेनं मला हात लावायचा नाही, असं ठरलं. वर जाळीचं झाकण आलं, त्याला कुलूप. किल्ली मधुकररावांच्या खिशात. काचांवर शेवाळ चढलं. ती लांबूनच मासे मोजायची आणि मोजून झालं की पदर डोळ्यांना लावायची.

कुलपातही गप्पी घटतच राहिले. तेव्हा मधुकरराव म्हणाले, 'इची नजरच वाईट आहे.' तिला माहेरी नेऊन सोडायचं ठरलं, आणि परत कधी आणायचं ते कोणी बोललं नाही.

जायच्या दिवशी सकाळी तुळसाबाई सूप घेऊन माझ्यासमोर बसल्या. तांदूळ निवडत होत्या, पण नजर माझ्यावर. दुपारपर्यंत हलल्या नाहीत. शेवटचा एंजल दगडाजवळून गेला आणि दगडाआड वीतभर वाढलेल्या पाहुण्यानं तोंड उघडलं. शेपटीचं टोक तेवढं बाहेर राहिलं, मग तेही गेलं. तुळसाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

मित्रांनो, रंग पाहून पेटी भरू नका. कोण केवढा वाढतो, काय खातो, कोणाच्या तोंडात कोण मावतो, हे आधी विचारा. कोणी भेट दिला तरी विचारा. मी हे शिकले तेव्हा माझ्यात एकही गप्पी उरला नव्हता.

संध्याकाळी मधुकरराव ड्युटीवरून आले. गोपिकेची पिशवी दारात भरून ठेवलेली होती. तुळसाबाई दार अडवून उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

"मधू, ते मरळीचं पिल्लू आहे, मासे त्यानंच गिळले. मले पयल्या दिवशीच वळखू आलं होतं. माह्या भावानं आणलं म्हणून मी चूप राहिली, थो गुन्हा माहा. पण तुले काहीच माहीत नव्हतं, तरी तू या पोरीले चोर केलं. काहून केलं, ते तिले सांग, मले नोको सांगू. आता त्या पाहुण्याले तलावात सोडून ये. मंग पेटी घास. अन् तिच्यात कोण राहीन, कोण नाही, ते आजपासून गोपिका ठरवन. तू निस्तं पाणी भर."