अर्धा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. जुना आणि अर्धा.

मंगरूळपीरच्या अलीकडे, बंद पडलेल्या गिट्टी खदानीच्या काठावर एक पत्र्याची शेड आहे. तिथं शाळांची शिबिरं भरतात. मुलं कमरेला दोर बांधून खदानीचा कडा चढतात, तंबूत राहतात, पक्षी ओळखायला शिकतात. शेडच्या भिंतीवर लाल, निळे, पिवळे दोर गुंडाळून टांगलेले असतात. त्यांच्या शेजारी एका गंजक्या खिळ्यावर मी आहे. मातकट, केसाळ आणि एका टोकाला झिजलेल्या केरसुणीसारखा विस्कटलेला. तुमच्यातलं कोणी ना कोणी दरवेळी विचारतं, "हे कायले ठेवलं इथं?"

सांगतो. पण एक आधीच सांगून ठेवतो. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगतात आणि शेवटी म्हणतात, आम्हाला फेकू नका, आमची निगा राखा. मी तसं म्हणणार नाही. मला राग आला आहे. कहाणी संपेपर्यंत तो जाईल असंही वाटत नाही.

अनसिंगजवळच्या एका खेड्यात, भागवतच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मी अंबाडी होतो. भाजी खाऊन झाली, बोंडं तोडून झाली, की अंबाडीच्या नुसत्या काड्या उरतात. भागवतनं त्या नाल्याच्या पाण्यात कुजत घातल्या. पंधरा दिवसांनी त्याची बायको रुख्मिणी त्या दगडावर आपटून धुवायला बसली. तिनं सालीच्या धाग्यांचा वाख सोलून काढला. तिच्या हातांचा वास चार दिवस गेला नाही. मग अंगणात माझे तीन पदर ताणले गेले. पीळ द्यायची लाकडी फिरकी होती त्यांच्या मुलीच्या, योगिनीच्या हातात. ती तेव्हा पाचवीत होती.

"बाबा, हात दुखून राह्यला."

"अजून धा फेरे दे, माय. पीळ ढिला राह्यला तं तुहा बाप विहिरीतच राहीन."

"शुभ बोला जरा!" रुख्मिणी चुलीजवळून ओरडली.

भागवत हसला. योगिनी हसली नाही. तिनं दहाच्या जागी वीस फेरे दिले. माझ्या पिळात कसर नव्हती, मित्रांनो. हे मला तिला सांगता आलं असतं, तर पुढं कितीतरी दिवस तिनं स्वतःला विचारलेला एक प्रश्न वाचला असता.

विहिरीत अडकलेली पाण्याची मोटर काढायची, हे भागवतचं शेतीजोडीचं काम. माझं एक टोक काठावरच्या बाभळीला बांधायचं, दुसरं त्याच्या कमरेला. वर चार माणसं मला धरून हळूहळू सोडायची. खाली अंधार, गार पाणी, बेडकं. तो मोटरीला साखळी लावायचा, खालून हाक द्यायचा आणि वर यायचा. वर आल्यावर आधी मला उन्हात पसरायचा, मग चहा घ्यायचा. दहा वर्षं आम्ही हे केलं. आजूबाजूच्या गावांत माझं नाव झालं होतं. लोक म्हणायचे, "भागवतचा दोर म्हंजे वाघ." मला ते ऐकायला आवडायचं. आज त्या आवडीची मला चीड येते.

आमच्याकडे पोळ्याला बैलाची वेसण, मोरखी, कासरा, सगळं नवं येतं. जुना कासरा तुटलेला नसतो. चांगला असतो, तरी काढून टाकतात. भागवतही दर पोळ्याला मंगरूळच्या बाजारातून आपल्या जोडीसाठी नवा कासरा आणायचा. मला मात्र तेलाचा हात फिरवून परत खुंटीवर टांगायचा.

योगिनी नववीत असताना तिनं विचारलं, "बाबा, बैलाले दरसाल नवा दोर. मंग तुमाले काहून नाई?"

"बैल मुका असते, बाई," भागवत म्हणाला. "दोर कुजला हे त्याले सांगता येत नाई, म्हून आपुन आधीच बदलतो. मले तं तोंड हाय."

हे वाक्य लक्षात ठेवा.

गेल्या वर्षी चैत्रात दौलतरावांची मोटर अडकली. दौलतराव गावातले मोठे शेतकरी. त्यांची संत्र्याची बाग होती, आणि पाण्यावाचून पानं गळायला लागली होती. भागवत विहिरीवर आला. नेहमीप्रमाणे त्यानं मला मुठीत धरून टोकापासून टोकापर्यंत सरकवलं. मध्ये एका जागी त्याचा हात थांबला. तिथं माझा एक पदर आतून गेला होता. मला ते कधीपासून ठाऊक होतं.

"पाटील, हा इथं गेला हाय," तो म्हणाला. "उद्या मंगरूळचा बाजार हाय. नवा आणतो आन् मंग उतरतो."

"उद्या?" दौलतराव म्हणाले. "अरे, माहा बगीचा सुकून राह्यला अन् तू बाजाराच्या गोष्टी करून राह्यला! धा वरसं ज्यानं तुले सांभायलं, त्याले आज एक दिवस सांभायता येत नाई?"

दोर धरायला आलेल्यांपैकी एकानं भागवतच्या खांद्यावर हात टाकला. "काय गा, पोरगी कॉलेजात गेली तं भेव वाटाले लागलं का?"

सगळे हसले. भागवतही हसला. त्या हसण्याचं काय करावं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. तो उतरला. मोटरीला साखळी लावली. हाक दिली. वर येताना, निम्मं अंतर राहिलं असताना, मी तुटलो.

त्याला तोंड होतं, मित्रांनो. त्यानं ते वापरलं होतं.

नंतर लोक अंगणात येऊन बसले. जो तो म्हणायचा, "येळ आली होती." दौलतरावही म्हणाले. वेळेनं काय केलं होतं? वेळ बाभळीला बांधलेली नव्हती. मी होतो. आणि मला बांधायला लावणारी माणसं समोर सतरंजीवर बसून चहा पीत होती.

भागवतबरोबर खाली गेलेला माझा अर्धा भाग पोलिसांच्या पंचनाम्यात गेला. उरलेला अर्धा बाभळीलाच होता. तिसऱ्या दिवशी योगिनी एकटी विहिरीवर आली. वजनानं गाठ घट्ट आवळली होती. तिनं ती नखांनी सोडवली, कापली नाही. मला खांद्यावर टाकून घरी नेलं. त्या वेळी तिच्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचे दोन पेपर राहिले होते. ते तिनं दिले.

भूगोल घेऊन ती पास झाली. मग महिनाभर दूर डोंगरात राहून दोरांचं आणि चढाईचं शिक्षण घेऊन आली आणि या खदानीवरच्या शिबिरात कामाला लागली. गावाला ते चमत्कारिक वाटलं. पदवीधर मुलगी, पायात बूट, गळ्यात शिटी, आणि काम काय, तर पोरांना दगडावर चढवायचं! रुख्मिणीला चमत्कारिक वाटलं नाही. तिला संताप आला.

"दोरानं बाप नेला, अन् तू दोराचीच नोकरी धरली?"

"म्हूनच धरली," योगिनी म्हणाली आणि पिशवीत कपड्यांच्या खाली मला ठेवलं.

इथं मी नवं जग पाहिलं. या रंगीत दोरांचे जन्मदिवस लिहिलेले असतात. किती वापर झाला, कधी धुतला, सगळं टोकावरच्या चिकटपट्टीवर असतं. जोराचा झटका बसला, दगडावर घासला, किंवा हाताला नुसता संशय आला, तरी दोर बाद. दुरुस्ती नाही, तेलाचा हात नाही. योगिनी रोज सकाळी प्रत्येक दोर मुठीतून सरकवते. तिचा हात अगदी भागवतसारखा चालतो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी खिळ्यावर असूनही हललो. सगळ्यांना वाटलं, वारा आला.

मुलांना ती फार समजावत नाही. "आधी दोर हातात घ्या, मग कड्याकडं बघा," एवढंच म्हणते. माझ्याबद्दल कोणी विचारलं, तर "जुना दोर आहे" म्हणून पुढं जाते.

माघातली गोष्ट. वाशिमच्या एका शाळेची बेचाळीस मुलं दहा वाजता यायची होती. आठ वाजता योगिनीनं लाल दोर खुंटीवरून काढला. कड्याला पुरेल एवढा लांब तोच एक होता. त्याची गुंडाळी तिच्या हातची नव्हती, आणि तो ओला होता.

"खेमाभाऊ, हा कोनं धुतला?"

खेमा शिबिराचा स्वयंपाक आणि राखण पाहतो. बाजूच्या तांड्यावरचा आहे. ऊसतोडीला जाणं सोडून इथं लागला.

"म्या धुतला, ताई. चिखल लागला होता."

"चिखल कुठचा?"

खेमा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. "सरनं परवा त्या धुऱ्यापलीकडच्या वावरात देला होता. मोटर काढाले. सांगू नको म्हनले. दिवसभर विहिरीच्या दगडावर घासत होता."

योगिनी खाली बसली आणि दोर सरकवायला लागली. बाराव्या की तेराव्या हातावर तिची मूठ थांबली. पुन्हा मागं गेली, पुन्हा तिथंच थांबली. ती जागा किंचित मऊ होती. किंचितच.

वीरेंद्र सर आले. शिबिर त्यांचं आहे. पडीक खदान त्यांनी स्वतः राबून साफ केली, खेड्यातल्या पोरांना कड्यावर चढवलं. माणूस वाईट नाही. दौलतरावही वाईट नव्हते.

"कुठं? मला तर काही दिसत नाही," सर म्हणाले. "अगं, नवा दोर पुढच्या आठवड्यात येतोय. बस निघालीय, शाळेचे संस्थाचालक सोबत आहेत. आजचा एवढा एक दिवस काढू."

एवढा एक दिवस. मी खिळ्यावर टांगलेला, बिनतोंडाचा. माझा एकेक धागा ताठ झाला.

"नाही चालणार, सर."

सरांनी आवाज खाली आणला. "हे बघ योगिनी, तुझ्या बाबांचं झालं ते मला माहीत आहे. म्हणून तुला प्रत्येक दोराची भीती वाटते. साहजिक आहे ते."

ती दोर घेऊन उठली. मग बोलली ती गावाकडच्या बोलीत. सरांशी ती कधी तसं बोलत नाही.

"मले भेव नाई वाटत, सर. माह्या बाबालेई वाटत नव्हतं. ते सांगून राह्यले होते."

ती स्वयंपाकघरात गेली आणि भाजी चिरायची पावशी घेऊन आली. जमिनीवर बसली, पाटावर पाय दाबला, पात्यावर लाल दोर ठेवला आणि कापला. मग पुन्हा कापला. दीड दीड हाताचे तुकडे करत गेली. या दोरानं परत मोटर काढायचा मोह कुणाला पडू नये. भागवत गेल्यावर मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या सकाळीही ती रडली नाही. पण पावशीचा आवाज खदानीत घुमत होता, आणि मला तो पुरला.

सरांनी एक तुकडा उचलला, कापलेलं टोक उन्हात धरलं. आतले धागे पांढरेशुभ्र होते.

"बघ. कोरा करकरीत आहे. चांगला दोर वाया घालवलास."

ती मऊ जागा कोणत्या तुकड्यात गेली, हे योगिनीला आता सांगता आलं नसतं. बोलला तो खेमा. परातीत कणीक होती, हात भरलेले होते.

"सर, तुमी शहरातले. पोळ्याले बैलाचा कासरा बदलतेत, तवा जुना तुटाची वाट कोन पाह्यते?"

तेवढ्यात बस आली.

मुलं कड्याकडं धावली, दोर नाही म्हणून परत आली. चंदा नावाच्या एका मुलीनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "मंग आमी आलो कायले?"

योगिनीनं मला खिळ्यावरून काढलं आणि माझं धड टोक तिच्या हातात दिलं. "डोळे मीट. मुठीतून सरकवत जा. कुठं खराब लागला तर थांब."

चंदानं डोळे मिटले. तिची लहानशी गरम मूठ माझ्यावरून सरकत गेली. मुलं भोवती गोळा झाली. सरही शेडच्या दारात उभे राहिले. अखेर तिच्या मुठीतून माझं विस्कटलेलं टोक निसटलं.

"मॅडम, इथं तं दोरच संपला."

"हो," योगिनी म्हणाली. "इथून खाली माझे बाबा होते."

त्या दिवशी कोणी कडा चढलं नाही. लाल दोराचे तुकडे घेऊन बेचाळीस मुलं दुपारभर गाठी मारायला शिकली. संस्थाचालक नाराज होऊन गेले. सर चार दिवस योगिनीशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी दोरांच्या शेडची किल्ली आणून तिच्यापुढं ठेवली आणि तसेच निघून गेले. तिनं ती शिटीच्या दोरीत ओवली.

मित्रांनो, माझी कहाणी एवढीच. माझी निगा राखू नका. मला वाघ म्हणू नका. मी दहा वर्षं टिकलो, यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. मला आठव्याच पोळ्याला चुलीत घालायला हवं होतं. आणि पुढं तुम्ही मोठे व्हाल, तुमचीही वावरं असतील, विहिरी असतील. काठावर उभा राहून कोणी म्हणाला, "हा इथं गेला हाय," तर त्याच्या खांद्यावर हात टाकून हसू नका. दोर त्याच्या हातून काढून घ्या, आणि त्याला घरी जाऊ द्या.