बाटल्यांच्या गळ्यातले दोरे

एक गाठ

"थांबा, सिस्टर! ती साखरेची गोळी आहे!"

खिडकीजवळच्या खाटेवरून मास्तरीणबाई ओरडल्या, तेव्हा गोळी शेजारच्या आजींच्या ओठांपर्यंत पोचली होती. आजींना साखरेचा आजार नव्हता. त्यांना फक्त रक्तदाब होता.

सिस्टरनी हात मागे घेतला. आजी तोंड उघडं ठेवूनच बसल्या होत्या.

"देताय की मी मिटू?"

"मिटा, आजी. जरा थांबा."

दोन गाठी

चौतीस वर्षं हाच वॉर्ड. बारा खाटा, बारा म्हाताऱ्या. दोन वर्षांपासून सिस्टरना समोरचं मधोमध दिसेनासं झालं होतं. माणूस पुढे आला की कान दिसायचे, चेहरा नाही. ऑपरेशननं जमण्यातलं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मग सिस्टरनी प्रत्येक बाटलीच्या गळ्यात दोरा बांधला. रक्तदाबाला एक गाठ, साखरेला दोन, झोपेला तीन.

मास्तरीणबाईंच्या ते आठवड्याभरात लक्षात आलं. "चाळीस वर्षं कॉपी पकडली मी," त्या म्हणाल्या. पण ही कॉपी त्यांनी पकडून दिली नाही. मठाच्या प्रमुख मदरना कळलं असतं, तर सिस्टरची रवानगी वृद्ध सिस्टरांच्या घरी झाली असती. मग रोज सकाळी मास्तरीणबाईंच्या पायाची जखम कोण धुणार?

"तुमच्या देवाशी माझं पटत नाही," त्या पाय पुढे करत म्हणायच्या. "तुमच्याशी पटतं."

"मग निरोप पोचवते."

तीन गाठी

"मोजून बांधल्या हो मी! एक म्हणजे एकच!" झाडूवाल्या मावशी रडकुंडीला आल्या होत्या. वरिष्ठ सिस्टर पाहणीला येणार म्हणून त्यांनी कपाट पुसलं, मळके दोरे काढून नवे पांढरे बांधले. गाठी बरोबर होत्या, दोरे मात्र चुकीच्या बाटल्यांना बांधले गेले होते.

"तुमची चूक नाही, मावशी. लेबल वाचायचं काम माझं."

सिस्टर ऑफिसात गेल्या. खुर्चीतल्या मदर एकेकाळी त्यांच्याच हाताखाली बँडेज गुंडाळायला शिकल्या होत्या.

"मदर, मला दिसत नाही. आज चुकीची गोळी देणार होते."

मदरनी पेन खाली ठेवलं. "कधीपासून दिसत नाही?"

"दोन वर्षं."

"आणि सांगितलं नाहीत."

"पाठवाल तिथं जाईन, असं व्रत घेताना म्हटलं होतं. पाठवू नये म्हणून गप्प राहिले. प्रार्थनेत म्हणायचे, या बारा जणींसाठी थांबलेय." त्यांनी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. टेबल कुठे संपतं ते आधी बोटांनी चाचपून पाहिलं. "माझ्यासाठीच थांबले होते."

मदर उठल्या. त्यांनी सिस्टरसाठी पाणी ओतलं आणि पेला त्यांच्या हातात दिला.

पुन्हा एक

"कुणी विचारलं होतं तुम्हाला?" मास्तरीणबाई भडकल्या. "मी मेले तरी बोलले नसते."

"म्हणूनच मला बोलावं लागलं."

"त्या वृद्ध सिस्टरांच्या घरी बसून करणार काय?"

"तिथं एक सिस्टर आहेत, अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना दिसतं, मला चालता येतं. जमेल."

"आणि माझा पाय? तुमच्या जागी येणारी ती नवी पोरगी धुणार? हात आहेत की बर्फ!"

सिस्टर हसल्या. त्यांनी चाचपडत चादरीचं टोक गादीखाली खोचलं आणि बारा खाटा मनात मोजत दाराकडे गेल्या. एकाही खाटेला त्यांचा धक्का लागला नाही.

गाठ नाही

दुसऱ्या दिवशी नव्या सिस्टरनी कात्रीनं सगळे दोरे कापले आणि लेबलं वाचत बाटल्या लावल्या. मग त्या टब घेऊन खिडकीजवळ आल्या. मास्तरीणबाईंनी भिंतीकडे तोंड केलं.

पायाला काहीच लागलं नाही. त्यांनी वळून पाहिलं. मुलीनं दोन्ही हात गरम पाण्यात बुडवून ठेवले होते आणि ती ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होती.

"हे काय?"

"जुन्या सिस्टरनी सांगितलंय. शंभरपर्यंत."

मास्तरीणबाई थांबल्या. शंभर झाले, तेव्हा त्यांनी पाय पुढे केला.